अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर) गाडीची बॅटरी नीट चार्ज करतोय का, स्वतःच बघा

मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीच्या टर्मिनलवर 12.6 च्या आसपास दिसलं म्हणजे बॅटरी फुल. आता इंजिन चालू करा, 13.8 ते 14.5 यायला हवं. हे सगळं अल्टरनेटरच्या व्होल्टेज रेग्युलेटरचं काम, तो रोटरच्या (अल्टरनेटरमधल्या फिरत्या भागाच्या) कॉइलमधला करंट कमीजास्त करत राहतो म्हणून रेस दिली, हेडलाइट लावले तरी आकडा फारसा हलत नाही. 15 च्या वर सरकत गेला तर गाडी चालवत राहू नका, बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा खराब होतात. 13 च्या खाली असेल तर आधी बेल्ट आणि टर्मिनलवरचा पांढरा थर बघा, लगेच अल्टरनेटर बदलू नका प्लीज! नव्या गाड्यांत मात्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम व्होल्टेज उतरवतो, तिथे हेडलाइट लावून परत मोजा.