जंताचं औषध देऊनही खाज का परत येते? या चुका टाळा

पोर झोपेत दात खातंय, म्हणजे जंत झालेत. हे निदान घराघरांत आजीच करून टाकते. मग गूळ-साखर बंद आणि मेडिकलमधून आणलेलं औषध पोटात! पण दात खाण्यावरून जंत ओळखता येत नाहीत, आणि गोडाने ते होतही नाहीत. सुतकृमी म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंत, आणि त्यांची खरी खूण म्हणजे रात्री शीच्या जागी सुटणारी खाज. सेंटिमीटरभर लांबीची, पांढऱ्या दोऱ्यासारखी मादी रात्री बाहेर येते आणि तिथल्या कातडीवर हजारो अंडी घालते.

म्हणूनच शौचाची तपासणी ‘नॉर्मल’ आली तरी निर्धास्त होऊ नका. अंडी शीत क्वचितच सापडतात. सकाळी उठल्याउठल्या, शी आणि अंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून काचपट्टीवर चिकटवा आणि लॅबमध्ये द्या. हे सलग तीन दिवस करायचं. त्याहून सोपं म्हणजे मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून पाहणं. पुष्कळदा जंत वळवळताना दिसतो.

सगळ्यांत महागात पडते ती एकाच डोसवर थांबण्याची चूक. अल्बेंडाझोल या जंताच्या गोळीने जंत मरतात, पण अंडी मरतीलच असं नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. घरातल्या सगळ्यांनी औषध एकाच दिवशी घ्यायचं, नाहीतर धाकट्याचे जंत थोरल्याकडे आणि थोरल्याचे परत धाकट्याकडे. घरात गरोदर बाई किंवा वर्षाच्या आतलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळते ती हीच गोळी, 1 ते 2 वर्षांच्या मुलांना अर्धी, पुढे 400 मिलिग्रॅमची पूर्ण. पण तो एकच डोस असतो, तेव्हा ‘शाळेत दिलीय की’ म्हणून दुसरा टाळू नका.

चादरी झटकू नका. अंडी उडतात आणि दोन-तीन आठवडे तग धरतात. चादरी, चड्ड्या गरम पाण्यात धुवा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. नखं बारीक कापा आणि अंघोळ सकाळीच घाला, म्हणजे रात्रीची अंडी धुऊन जातात.

मूल पांढरंफटक पडलं असेल तर मात्र दोष सुतकृमीवर ढकलू नका. रक्त पिणारा अंकुशकृमी वेगळा, आणि तो शोधायला शौचाचीच तपासणी लागते.