‘स्ट्राँग’ कुठे लावायचा आणि कुठे नाही

टपरीवर “एक स्ट्राँग कटिंग द्या” म्हणताना कुणी अडखळत नाही. हा शब्द आपल्याकडे पुरता रुळलाय. पण इंग्रजीत अर्ज किंवा ईमेल लिहायला बसलं की तोच गोंधळात टाकतो, कारण शाळेत त्याचा एकच अर्थ पाठ केलेला असतो: बलवान. मग “आय हॅड स्ट्राँग फीव्हर” किंवा “देअर वॉज स्ट्राँग रेन” अशी वाक्यं तयार होतात. समोरच्याला अर्थ कळतो, पण इंग्रजीत ताप ‘हाय’ असतो आणि पाऊस ‘हेवी’. वारा मात्र ‘स्ट्राँग’च.

१. आधी शेजारचं नाम बघा

इंग्रजी वाचताना ‘स्ट्राँग’ दिसला की तिथेच अर्थ लावू नका. पुढचं नाम येऊ द्या आणि त्या नामाला मराठीत कोणतं विशेषण शोभतं ते आठवा. स्ट्राँग टी म्हणजे कडक चहा, स्ट्राँग स्मेल म्हणजे उग्र वास. स्ट्राँग एव्हिडन्स असेल तर भक्कम पुरावा, स्ट्राँग पॉसिबिलिटी असेल तर दाट शक्यता. ओपिनियन ठाम होतं, अपोझिशन तीव्र होतो, करंट म्हणजे पाण्याची ओढ जोराची होते. वारा सोसाट्याचा, दोर मजबूत, मन खंबीर. एका इंग्रजी विशेषणासाठी मराठीत डझनभर शब्द हाताशी आहेत. ते वापरायचे सोडून सगळीकडे ‘मजबूत’ ठोकला की भाषांतर लगेच उघडं पडतं. ‘मजबूत शक्यता’ हल्ली बातम्यांत वाचायला मिळते तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. ‘दाट’सारखा नेमका शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

२. मग उलट दिशेने या

खरी मेहनत इथे आहे. आपला ‘कडक’ घ्या. कडक चहा स्ट्राँग, पण कडक शिस्त ‘स्ट्रिक्ट’. कडक थंडी ‘सिव्हिअर’ किंवा ‘बिटर’. अंघोळीचं कडक पाणी ‘व्हेरी हॉट’. कडक भाकरी कुरकुरीत असेल तर ‘क्रिस्प’, शिळी होऊन वाळली असेल तर ‘हार्ड’. खळ घातलेलं कडक कापड ‘स्टार्च्ड’. “माय फादर इज व्हेरी स्ट्राँग” असं म्हणालात तर ऐकणारा वडिलांच्या दंडाकडे बघेल. कडक स्वभाव सांगायचा असेल तर ‘स्ट्रिक्ट’च हवं.

‘जोरदार’चंही तसंच. जोरदार पाऊस हेवी, जोरदार टाळ्या ‘लाउड’, जोरदार विरोध मात्र स्ट्राँग. एक वही करा: डावीकडे मराठी जोडी, उजवीकडे इंग्रजी जोडी. सुटा शब्द त्या वहीत लिहायचाच नाही.

३. ‘पॉवरफुल’शी गल्लत टाळा

दोन्हींचा अर्थ जवळजवळ सारखा, तरी जागा वेगळ्या. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी 1966 मध्ये दिलेलं उदाहरण आजही वर्गात सांगितलं जातं. युक्तिवाद स्ट्राँगही असतो आणि पॉवरफुलही. चहा मात्र फक्त स्ट्राँग आणि मोटार फक्त पॉवरफुल. यामागे व्याकरणाचा नियम नाही, बोलणाऱ्यांची सवय आहे. म्हणून कारण शोधत बसू नका. इंजिन, कॉम्प्युटर, मंत्री यांच्यापुढे ‘पॉवरफुल’ लावा. चहा-कॉफी, वास, बोलण्याची ढब म्हणजे ‘ॲक्सेंट’, यांच्यापुढे ‘स्ट्राँग’.

४. ठरावीक जागी ठरावीक अर्थ

आकड्यानंतर जोडरेषा देऊन ‘स्ट्राँग’ आला, जसं ‘फिफ्टी-स्ट्राँग टीम’, तर त्यात ताकद नसते, संख्या असते: पन्नास जणांचा चमू. आपल्याकडे वर्गाची ‘स्ट्रेंग्थ’ म्हणजे पटसंख्या, किंवा विधानसभेची स्ट्रेंग्थ 288, हे त्याच कुळातलं. मतदान यंत्रं ठेवतात ती ‘स्ट्राँगरूम’ आपल्याला दर निवडणुकीत भेटते. ‘स्ट्राँगमॅन’ हा जोडशब्द जपून वापरा. राजकारणात त्याचा अर्थ दंडेलीने सत्ता चालवणारा असा होतो. कौतुक करायचं असेल तर ‘स्ट्राँग लीडर’ म्हणा. चित्रपटाआधी ‘स्ट्राँग लँग्वेज’ अशी सूचना आली, तर आत शिव्या आहेत असं समजा.

हवामानात हा शब्द मोजून वापरतात. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापनात सहाव्या क्रमांकाला ‘स्ट्राँग ब्रीझ’ म्हणतात: ताशी साधारण 39 ते 49 किलोमीटर, मोठ्या फांद्या हलतात, छत्री सांभाळणं अवघड होतं. नवव्या क्रमांकाचा ‘स्ट्राँग गेल’ ताशी 75 ते 88 किलोमीटरचा. रसायनशास्त्रात तर नेहमीचा अर्थ चालतच नाही. ‘स्ट्राँग ॲसिड’ म्हणजे पाण्यात जवळजवळ पूर्ण विघटित होणारं आम्ल, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरिक. त्यात पाणी घालून ते विरल केलं तरी तीव्र आम्लच राहतं, आणि व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल कितीही संहत केलं तरी सौम्यच. मुलांचा अभ्यास घेताना हा फरक आवर्जून समजावून सांगा.

५. रूपं आणि उच्चार

मत मांडताना क्रियापदाजवळ ‘स्ट्राँगली’ येतो: “आय स्ट्राँगली रेकमेंड.” अपवाद ‘गोइंग स्ट्राँग’चा. “शी इज नाइन्टी अँड स्टिल गोइंग स्ट्राँग,” म्हणजे नव्वदीतही आजी ठणठणीत. इथे ‘ली’ लावायचा नाही. एखादी गोष्ट बळकट करणं म्हणजे ‘स्ट्रेंग्थन’. “मेक स्ट्राँग” असं ओढूनताणून म्हणायची गरज नाही.

उच्चारात एक बारकावा आहे. ‘स्ट्राँग’च्या शेवटी आपण स्पष्ट ग म्हणतो, प्रमाण इंग्रजीत तो म्हणत नाहीत. ‘वाङ्मय’ म्हणताना ङ जसा नाकातून येतो, तेवढाच तिथे असतो आणि शब्द संपतो. ‘स्ट्राँगली’तही ग नाही. पण ‘स्ट्राँगर’ आणि ‘स्ट्राँगेस्ट’मध्ये तो खणखणीत उच्चारतात. ‘लाँग-लाँगर’ आणि ‘यंग-यंगर’ या जोड्याही अशाच. तिन्ही जोड्या आरशासमोर मोठ्याने म्हणा: पहिल्या शब्दात ग गिळायचा, दुसऱ्यात वाजवायचा.