दुर्मिळ फ्रेंच आडनाव कुठून आलं आणि किती लोकांचं आहे, हे शोधायचं कसं

कुठलंही अनोळखी फ्रेंच आडनाव समोर आलं की बहुतेक लोक पहिलं काम करतात ते म्हणजे "या नावाचा अर्थ काय" असं गूगलला विचारतात. मग एखाद्या साईटवर गोड गोष्ट मिळते, शूर सरदार, किल्ला, धर्मयुद्ध वगैरे, आणि त्याच्याच खाली घराण्याचं मानचिन्ह छापलेला कॉफीचा मग विकायला ठेवलेला असतो. ती साईट बंद करा. मानचिन्ह हे एका विशिष्ट कुटुंबाचं असतं, त्या आडनावाच्या सगळ्यांचं नसतं. आणि नावात "द" आहे म्हणजे सरदार घराणं, हेही डोक्यातून काढा. "द" म्हणजे फक्त अमुक ठिकाणचा, आणि शेतकऱ्यांच्या नावातही तो भरपूर सापडतो.

माझं मत सरळ आहे, दुर्मिळ आडनावाचा अर्थ सगळ्यात शेवटी बघायचा, आधी जागा शोधायची. जागा कळली की कोणत्या भाषेत अर्थ शोधायचा ते कळतं. आणि नाव दुर्मिळ आहे म्हणून घाबरायचं काही कारण नाही, उलट तेच सोपं असतं. मार्तँ हे फ्रान्समधलं सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव, ते असंख्य गावांत आपापलं वेगळं सुरू झालं, त्याचा एक उगम कोणी दाखवूच शकत नाही. दुर्मिळ नाव मात्र बरेचदा एकाच खोऱ्यातून, कधी कधी तर एकाच वाडीतून निघालेलं असतं.

तर सुरुवात नकाशापासून. जिओपात्रोनिम नावाची फुकट साईट आहे, तिच्यात इन्से या फ्रान्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेचा जन्मांचा डेटा आहे, १८९१ ते १९९० पर्यंतचा, पंचवीस पंचवीस वर्षांच्या चार टप्प्यांत. नाव टाकलं की कोणत्या जिल्ह्यात, म्हणजे तिकडच्या देपार्तमाँमध्ये, त्या नावाची किती मुलं जन्मली ते दिसतं. लोक इथे शेवटचा टप्पा बघतात कारण तो ताजा वाटतो, पण तुम्ही पहिला बघा, १८९१ ते १९१५ चा. नंतर माणसं रेल्वेने, कारखान्यांमुळे, नोकरीसाठी पॅरिस, लियों, मार्सेकडे गेली आणि नकाशावर ठिपके सगळीकडे उडाले. पहिल्या टप्प्यात नाव एकाच जिल्ह्यात किंवा शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांत गोळा झालेलं दिसलं तर बरंचसं काम झालं म्हणायचं.

पण हे आकडे वाचताना जरा जपून. एक तर हे जन्मांचे आकडे आहेत, आज हयात असलेल्या लोकांचे नाहीत, त्यामुळे "या नावाचे फ्रान्समध्ये इतके लोक आहेत" असं कुणी या आकड्यावरून ठोकून देत असेल तर ते चूक आहे. दुसरं म्हणजे ज्या सरकारी नोंदवहीतून हा डेटा काढलाय ती १९४० च्या दशकात तयार झाली, म्हणजे त्याआधीच गेलेली माणसं, लहानपणी दगावलेली मुलं, पहिल्या महायुद्धात मेलेले जवान, यातले बहुतेक त्यात नाहीतच. पहिल्या टप्प्याचा आकडा म्हणून नेहमी खऱ्यापेक्षा कमी असतो. फ्रान्सबाहेर जन्मलेले पण यात मोजलेले नाहीत. इन्से स्वतः पण आडनावांची फाईल देते पण त्यात अगदी कमी लोकांची नावं एकत्र करून "इतर" मध्ये टाकलेली असतात, तेव्हा तिथे तुमचं नाव दिसलं नाही म्हणून ते अस्तित्वातच नाही असं समजू नका.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि जी फारसं कोणी सांगत नाही. इन्से १९७० पासूनच्या मृत्यूंची यादी २०१९ च्या शेवटापासून सगळ्यांसाठी खुली करते, आणि त्यात माणसाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, मृत्यूची तारीख आणि ठिकाण असं सगळं असतं. गंमत म्हणजे बायकांची नोंद जन्माच्या आडनावाने असते, नवऱ्याच्या नाही, कारण फ्रेंच कायद्यात लग्नानंतरही खरं नाव जन्माचंच राहतं. मॅचआयडी सारख्या साईटवर ही यादी नावाने शोधता येते. मार्तँ टाकलंत तर पूर येईल, पण दुर्मिळ नाव असेल तर सगळे निकाल एका स्प्रेडशीटमध्ये मावतात. जन्मसालाप्रमाणे लावा, १९०० च्या आसपास जन्मलेले आधी घ्या, त्यांची जन्मगावं नकाशावर टाका. जिल्ह्याच्या पातळीवरून तुम्ही थेट गावाच्या पातळीवर येता.

याला जोड द्यायची ती मेम्वार दे झोम या संरक्षण खात्याच्या साईटची. तिथे पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या १३ लाखांहून जास्त सैनिकांची कार्डं आहेत, प्रत्येकावर जन्मतारीख आणि जन्मगाव. म्हणजे इन्सेच्या डेटात जी माणसं गळाली नेमकी तीच इथे सापडतात. फक्त अल्सास आणि मोझेलकडचं नाव असेल तर इथे फार आशा ठेवू नका, तो भाग १८७१ ते १९१८ जर्मनीकडे होता आणि तिथली पोरं जर्मन सैन्यातून लढली.

गाव हाती आलं की मागे जायचं. इथे फ्रान्सच्या नोंदींचा थोडा इतिहास माहीत असला की बरं पडतं. १५३९ साली पहिल्या फ्रान्स्वा राजाने व्हिलेर-कोत्रे इथे हुकूम काढला, त्यात पाद्र्यांनी बाप्तिस्म्याची वही ठेवायची असं आलं, १५७९ ला लग्न आणि दफनही त्यात आलं, १६६७ ला वही दोन प्रतींत ठेवायला सांगितली. मग क्रांतीनंतर २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने हे काम चर्चकडून काढून गावाच्या नगरपालिकेकडे दिलं. या सगळ्या वह्यांचे स्कॅन जवळपास सगळ्या जिल्ह्यांच्या अभिलेखागारांच्या साईटवर आहेत आणि बहुतेक ठिकाणी घरबसल्या फुकट बघता येतात. १७९२ पासून दर दहा वर्षांची अकारविल्हे यादी पण असते, ताब्ल देसेनाल म्हणतात तिला, ती आधी उघडा. एका गावाची एका दशकाची यादी काही पानांची असते, तुमच्या नावाचं अक्षर काढायचं, नाव आहे की नाही ते लगेच कळतं, शेजारच्या पाचसहा गावांचं पण असंच बघायचं, नाव कुठे दाट आहे आणि कुठे विरळ होत जातंय ते आपोआप दिसायला लागतं. १७९३ ते १८०५ च्या नोंदींत क्रांतीचं कॅलेंडर असतं, ब्रुमेर महिना, नववं वर्ष असं काहीतरी, गोंधळू नका, तारीख बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर आहेत.

जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांपर्यंत सर्वांसाठी खुल्या नसतात, २००८ च्या कायद्याप्रमाणे. तेव्हा अलीकडच्या लोकांच्या मागे लागू नका, त्याची गरजही नसते. पॅरिसचं वेगळंच दुखणं आहे, मे १८७१ मध्ये कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर सरकारच्या, शेवटच्या दिवसांत टाऊन हॉल आणि न्यायालय दोन्ही जळाले आणि नोंदींच्या दोन्ही प्रती गेल्या, १८६० पूर्वीच्या पॅरिसच्या नोंदी त्यामुळे अर्ध्यामुर्ध्याच, नंतर जुळवून केलेल्या आहेत. नावाचा माग पॅरिसमध्ये जाऊन थांबला तर त्याचा अर्थ नाव पॅरिसचं आहे असा नाही.

जेनिआनेट या वंशावळीच्या साईटवर नावाचा शतकांप्रमाणे नकाशा मिळतो, तो चांगला आहे, पण तिथली वंशावळीची झाडं लोकांनी स्वतः टाकलेली असतात आणि एकमेकांची कॉपी मारलेली असते, दहा झाडांत एकच गोष्ट दिसली तरी पुरावा एकच किंवा शून्य. मूळ वहीचं पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही खरं मानू नका.

आता स्पेलिंग, आणि इथे खरोखर वेळ द्या कारण दुर्मिळ आडनावं बरेचदा मुळात दुर्मिळ नसतातच, एखाद्या साध्या नावाचं वेगळं लिहिलेलं रूप असतं. पाद्री कानाने ऐकून लिहायचा आणि ज्याचं नाव त्याला वाचता येत नव्हतं. फ्रेंचमध्ये शेवटचा "ओ" हा उच्चार नुसता ओ, ओटी, एयू, ईएयू, एयूडी, एयूटी, एयूएलटी असा कितीतरी तऱ्हांनी लिहिता येतो आणि ऐकायला सगळं सारखंच, म्हणून रनो हे एकच नाव चार कुटुंबांत चार प्रकारे लिहिलेलं सापडतं. २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीत जे नाव आहे त्याशिवाय दुसरं लावायला मनाई केली, पण स्पेलिंग खऱ्या अर्थाने स्थिर व्हायला १८७७ नंतरची कुटुंब-पुस्तिका यावी लागली, लग्नाच्या वेळी हातात मिळायची ती. तेव्हा त्यापूर्वी सख्ख्या भावांची स्पेलिंग वेगळी असणं अगदी नॉर्मल. मोठ्याने म्हणून बघा आणि त्या उच्चाराची जितकी रूपं सुचतील तितकी एका कागदावर लिहून सगळी शोधा, एल एक की दोन, शेवटचा टी, एस, झेड आहे की नाही, आय आणि वाय, सी आणि के, "ल" जोडलेला की सुटा. जुन्या हस्ताक्षरात यू आणि एन सारखेच दिसतात आणि लांब एस हा एफ वाटतो, साईटवर टाईप करणाऱ्याने पण चुकीचं वाचलेलं असू शकतं, तेही धरून चाला.

मग अर्थ. जागा कळलीये, म्हणजे तिथली जुनी बोली कळलीये. लोहार घ्या, लॅटिनमध्ये फाबेर. उत्तरेत त्याचा लफेव्र झाला, दक्षिणेत फाब्र आणि फोर, आल्प्समधल्या सावोयकडे फाव्र, ब्रिटनीत त्याच धंद्याचं नाव ल गॉफ आणि अल्सासमध्ये श्मिट. फ्रेंच डिक्शनरीत ल गॉफ शोधून काय मिळणार? एचे ने सुरू होणारं नाव बहुधा बास्क, एचे म्हणजे घर, एचेव्हेरी म्हणजे नवं घर. केर ने सुरू होणारं ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीचं. शेवटी न उच्चारला जाणारा झेड असेल तर सावोय आणि आसपासचा डोंगराळ भाग. शेवटी आक आलं तर दक्षिणेकडच्या एखाद्या गावाचं नाव, कारण जुन्या जमीनमालकाच्या नावावरून पडलेल्या गावांना तिकडे आक लागलं आणि उत्तरेत त्याच शेपटीचं ई झालं. आणि नॉर्मंडी तर वेगळीच, तिथे व्हायकिंगांची नावं आडनावं होऊन बसलीत. आँकतील हे त्यातलंच, १७५० च्या दशकात भारतात येऊन पुढे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाचं भाषांतर करणाऱ्या आँकतील-द्युपेराँचं, ते मूळ आस्केतिल हे स्कँडिनेव्हियन नाव, फ्रेंचमधून अर्थ लावायला बसलात तर जन्मभर लागणार नाही. पडताळायला दोझाचा १९५१ चा आणि मोर्लेचा १९९१ चा आडनावांचा कोश आहे, पण अगदी दुर्मिळ नावं तिथेही नसतात, मग जुना जमीन नकाशा उघडा आणि आसपास त्याच नावाची वाडी, ओढा, शेत आहे का बघा.

नाव दुर्मिळ का झालं हे पण विचारा. कुठे फक्त मुली झाल्या आणि नाव संपलं, कुठे अनाथालयाने सापडलेल्या मुलाला नवंच नाव बनवून दिलं, मग त्याच्या मागे कितीही शोधलं तरी त्या मुलाच्या पलीकडे काही नसतं. ज्यूंना कायमचं आडनाव घ्यायला लावणारा हुकूम २० जुलै १८०८ चा, त्यामुळे काही नावं तिथूनच सुरू होतात. आणि कधी नाव फ्रान्समध्ये दुर्मिळ असतं पण बाहेर ढिगाने. त्राँब्ले बघा, क्वेबेकमधलं सगळ्यात कॉमन आडनाव, आणि तिथले झाडून सगळे पेर्श प्रांतातल्या राँदोने गावच्या पिएर त्राँब्लेचे वंशज, ज्याचं लग्न १६५७ ला क्वेबेकमध्ये झालं. क्रिकेट बघणाऱ्यांना डिव्हिलियर्स आणि डू प्लेसी माहीतच आहेत, ती १६८५ नंतर धर्मछळामुळे देश सोडून दक्षिण आफ्रिकेतल्या केपला पोचलेल्या प्रोटेस्टंटांची नावं.

आणि नाव पाँडिचेरीच्या कागदात सापडलं असेल तर आधी एक गोष्ट तपासा. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकुमाने तिथल्या भारतीयांना आपला धार्मिक वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच कायदा घेता येऊ लागला, आणि तसं करताना आडनाव निवडावं लागायचं, काहींनी फ्रेंच वळणाचं निवडलं. तसं असेल तर फ्रान्सचा नकाशा उघडून उपयोग नाही. त्या वसाहतींच्या नोंदी एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या परदेशी वसाहत अभिलेखागारात आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ऑनलाईन दिसतात, शोध तिथूनच सुरू करायचा.