विंडोज १० वरून लिनक्स मिंटकडे: आधी मराठी-कन्नड फाइली सांभाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. संगणक आजही सुरू होतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येणे थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळतील, असे कंपनीने जाहीर केले. तेवढाच काय तो श्वास घ्यायला वेळ. विंडोज ११ घालायचे म्हटले तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत मुलांच्या शिक्षणासाठी सेकंडहँड घेतलेले कितीतरी लॅपटॉप या अटींत बसत नाहीत. पण म्हणून ते भंगारात घालायची गरज नाही. त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी संगणकप्रणाली चांगली चालते. ते फुकट आहे आणि त्याच्या २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

लिनक्सचे प्रकार अनेक आहेत. पहिल्यांदाच येत असाल तर मिंटच घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, डबल क्लिकवर उघडणारे फोल्डर, म्हणजे विंडोजची सवय असलेल्या आई-वडिलांना नव्याने फार शिकावे लागत नाही. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ८ जीबी असेल तर सिनॅमन. प्रोसेसर ६४-बिट असलाच पाहिजे.

आधी कामांची यादी

या संगणकावर घरात कोण काय करते, ते कागदावर लिहून काढा. ब्राउझरमध्ये होणारे जवळजवळ प्रत्येक काम लिनक्सवरही होते. इकडच्या जमिनीचा उतारा कर्नाटकाच्या ‘भूमी’ संकेतस्थळावर, कोल्हापूरकडच्या शेताचा सातबारा महाराष्ट्राच्या महाभूलेखवर, कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधूवरचे अर्ज, बँक, व्हॉट्सॲप वेब, मुलांचे व्हिडिओ, सगळे फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये उघडते. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस मिंटमध्ये आधीपासून बसवलेले असते.

अडचण येते ती ठरावीक ठिकाणी. हिशेबाचे टॅली विंडोजसाठीच आहे. लिनक्सवर कसेबसे चालवायच्या युक्त्या सापडतात, पण दुकानाचा हिशेब अशा युक्त्यांच्या भरवशावर ठेवू नये. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) घातलेल्या एक्सेल फाइली लिबरऑफिसमध्ये पुष्कळदा अडतात. डिजिटल सहीचा टोकन किंवा बोटांचे ठसे घेणारे यंत्र वापरत असाल, तर ते ज्याच्याकडून घेतले त्याला लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, आहे का, हे आधीच विचारा. घरातून सेवा केंद्र किंवा कर सल्लागाराचे काम चालत असेल, तर त्या संगणकाला हात न लावता घरातला दुसरा संगणक बदललेला बरा. एकच संगणक असेल तर विंडोज तसेच ठेवून शेजारी मिंट बसवता येते. त्याबद्दल पुढे सांगतो.

जुन्या फाइली

लिनक्स कसे बसवायचे याच्या लेखांत ही गोष्ट सहसा येत नाही, आणि आपल्या भागात खरी मेहनत इथेच आहे. वाचनालयाची सूची, पतसंस्थेचे ठराव, दिंडीतल्या माणसांची यादी, शाळेच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकांचे मजकूर, असे बरेच काही युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी, सगळीकडे चालणारी पद्धत) येण्याच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेले असते. मराठीत श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी फाँट. कन्नडमध्ये नुडी आणि बरहचे जुने फाँट. या फाइलींत प्रत्यक्षात मराठी किंवा कन्नड अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक, आणि फाँट त्या जागी देवनागरीचे किंवा कन्नडचे आकार दाखवतो. फाँट गेला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग उरते.

म्हणून विंडोज चालू आहे तोवरच तीन गोष्टी करा.

पहिली, अशी प्रत्येक महत्त्वाची फाइल विंडोजमध्ये उघडून तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधला जातो, त्यामुळे ती कुठल्याही यंत्रावर जशीच्या तशी दिसते. एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवून उघडून बघा. तिथे नीट दिसली तर खात्री झाली.

दुसरी, विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून तुम्ही घेतलेले ते फाँट वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा. मिंटमध्ये फाँटच्या फाइलवर डबल क्लिक केले की तो बसवायचा पर्याय येतो. तो बसवल्यावर जुनी फाइल लिबरऑफिसमध्ये बहुतेक वेळा वाचता येते. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमधून नवा मजकूर टाइप करणे मात्र तिथे होणार नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्या फाइलींत पुढेही भर घालायची आहे त्या युनिकोडमध्ये आणा. त्यासाठी फाँट परिवर्तक इंटरनेटवर मिळतात. आपला फाँट कोणता हे ओळखून त्याचाच परिवर्तक वापरा. परिवर्तनानंतर मजकूर मुळाशी ताडून वाचणे चुकवू नका. चुका कुठे होतात ते ठरलेले आहे: रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, श्र-त्र-क्ष-ज्ञ बिघडतात, अर्धा र म्हणजे ‘ऱ्य’ हरवतो, आणि आकडे चिन्हांत बदलतात. पतसंस्थेच्या ठरावातला एक आकडा चुकला तर पुढे त्याचा त्रास कोणाला होईल, ते सांगायला नको. घरातले मोठे माणूस आणि मूल जोडीने बसून एकाने मूळ प्रत वाचली आणि दुसऱ्याने पडद्यावर तपासली, तर हे काम लवकर आणि नीट होते.

हे सगळे, फोटो आणि व्हिडिओसकट, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एक बाहेरची हार्ड डिस्क, आणि दुसरी प्रत दुसऱ्या यंत्रावर किंवा क्लाउडवर. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क खात्याशी जोडून घ्या. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) लावलेले असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

पेनड्राइव्ह तयार करणे

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण मिंट असलेली एकच फाइल, उतरवा. ती सुमारे ३ जीबी असते, त्यामुळे मोबाइलच्या डेटापेक्षा फायबर असलेल्या नातेवाइकाकडे जाऊन उतरवणे सोयीचे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातले सगळे पुसले जाणार आहे, हे लक्षात ठेवा. रूफस किंवा बलेनाएचर या फुकट प्रोग्रॅमने ती फाइल पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

मग विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू राहिले तर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि तिची डिस्क लिनक्सला नीट हाताळता येत नाही.

बसवण्याआधी चालवून बघा

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. काही मिनिटांत मिंटचा पडदा येतो, आणि अजून तुमच्या डिस्कवर काहीही बदललेले नसते.

इथे घाई करू नका. वायफाय लागतो का, आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅड, पडद्याचा उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा, झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा जागे होणे, सगळे तपासा. एक मराठी आणि एक कन्नड बातम्यांची साइट उघडून अक्षरे नीट दिसतात का, ते पाहा. पेनड्राइव्हवरून चालताना सगळे थोडे संथ असते, त्यावरून वेगाचा निष्कर्ष काढू नका.

वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट लगेच मिळते. मग मिंट बसवून झाले की ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो. प्रिंटर याच वेळी लावून बघा. एचपी आणि एप्सनचे बरेच प्रिंटर सहज ओळखले जातात. कॅननचा एलबीपी २९०० हा आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारा लेझर प्रिंटर मात्र लिनक्सवर त्रास देतो. तो घरी असेल तर निर्णयाआधी याचा विचार करा.

बसवणे

बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर चालवा. खानापूरकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि डिस्कची वाटणी चालू असताना वीज गेली तर डेटा जाऊ शकतो.

पडद्यावरचे ‘इन्स्टॉल’ चिन्ह दाबा. भाषेच्या यादीत मराठी आहे. पण अनुवाद सगळीकडे पूर्ण नाही आणि अडचण आली तर मदत इंग्रजी नावांनीच शोधावी लागते, म्हणून सुरुवातीला इंग्रजी ठेवणे मला योग्य वाटते. मराठी लिहिण्या-वाचण्यात त्याने काही फरक पडत नाही. मल्टिमीडिया कोडेकची (व्हिडिओ-गाणी उघडणाऱ्या प्रोग्रॅमांची) खूण करा, म्हणजे व्हिडिओ अडणार नाहीत.

पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ असा पर्याय आला आणि डिस्कवर जागा असेल, तर पहिल्यांदा तोच घ्या. मिंटला ५० जीबी तरी द्या, १०० असेल तर उत्तम. ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय बॅकअपच्या दोन्ही प्रती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्यावरच निवडावा. यादीत विंडोज किंवा डिस्क दिसतच नसेल तर तिथेच थांबा. बहुधा बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क इंटेल आरएसटी पद्धतीवर असते. ती बदलताना विंडोज सुरू न होण्याचा धोका असतो, तेव्हा जाणकाराला बोलवा. बेळगावात व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठाचे मुख्यालय आहे, भोवती इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत. संगणक शाखेत शिकणारे एखादे मूल गल्लीत सापडतेच.

टाइम झोनसाठी नकाशावर कोलकाता निवडा, नाव आणि पासवर्ड द्या, आणि होऊ द्या. झाल्यावर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करा. विंडोज शेजारी ठेवले असेल तर कधी कधी त्याचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज स्थानिक, एवढेच त्याचे कारण. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबले की ते तात्पुरते सुधारते.

तीन लिप्यांचा कीबोर्ड

आपल्या घरांत शाळेचे मराठीत, अर्ज कन्नडमध्ये आणि ईमेल इंग्रजीत, असे चालते. मिंटच्या कीबोर्ड सेटिंग्जमधल्या ‘लेआउट’मध्ये अधिक चिन्ह दाबून मराठी आणि कन्नड जोडा, आणि भाषा बदलायची कळ ठरवून घ्या.

विंडोजवर इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी वापरत असाल तर बोटांना काहीच नवे नाही. ते सरकारी प्रमाण आहे आणि इथेही तेच आहे. दुसरा पर्याय आपल्या भागासाठी फारच कामाचा आहे आणि फार थोड्यांना माहीत असतो. यादीत मराठीसाठी ‘कागप, फोनेटिक’ नावाचा लेआउट आहे. कागप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी तयार करणारी संस्था. नुडीवर कन्नड टायपिंग शिकलेल्या मुलांना त्याच कळांनी मराठी लिहिता येते: के दाबला की क, आणि जोडाक्षरासाठी मध्ये एफ. कन्नडसाठीही त्याच नावाचा लेआउट घ्या, म्हणजे एकाच सवयीत दोन्ही लिप्या होतात.

रोमन अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप करून देवनागरी मिळवायची सवय असेल, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम१७एन’ घ्या, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा आणि लॉगआउट करून परत या. मग मराठीचे आयट्रान्स आणि फोनेटिक हे पर्याय मिळतात.

लिबरऑफिसमध्ये एक गोष्ट पहिल्या दिवशीच करा. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, मग भाषेच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिथे मराठी निवडा. देवनागरीचा फाँट आणि अक्षरांचा आकार तिथे इंग्रजीपासून वेगळा ठरतो. हे माहीत नसल्यामुळे ‘आकार बदलला तरी मराठी तेवढेच दिसते’ म्हणून माणसे वैतागतात. फाँट म्हणून ‘नोटो सॅन्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) चांगले.

पहिले काही आठवडे

अपडेट मॅनेजर आधी पूर्ण चालवा. मग ‘टाइमशिफ्ट’ उघडून आठवड्याला एक प्रत ठेवण्याची वेळ लावा. एखाद्या अपडेटने बिघाड झाला तर त्याने यंत्रणा आधीच्या स्थितीत नेता येते. टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागदपत्रे सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. नवे सॉफ्टवेअर वेबसाइटवरून उतरवण्याऐवजी सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या.

शेजारी ठेवलेल्या विंडोजमध्ये किती वेळा आणि कशासाठी जावे लागते, ते सुरुवातीच्या यादीसमोर टिपत राहा. फक्त टॅलीसाठी किंवा डिजिटल सहीसाठी जात असाल तर ते राहू द्या, पण आधार संपलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार आणि ईमेल उघडू नका. जावेच लागत नसेल तर तो भाग काढून जागा मोकळी करता येईल. त्याआधी जुन्या फाँटांचे फोल्डर आणि सगळ्या पीडीएफ मिंटमधून एकदा उघडून बघा, कारण विंडोज पुसल्यावर त्या फाइलींची नवी पीडीएफ करणे फार जिकिरीचे होते.