एसीची खोली बंद करताना या चुका टाळा: कुठली फट बुजवायची, कुठली वाट मोकळी ठेवायची

मुंबई-ठाण्याकडची मे महिन्यातली रात्र धरा. बाहेर २९ अंश आणि ८० टक्के आर्द्रता, आत एसीमुळे २६ अंश आणि ५५ टक्के. खिडकी-दारांच्या फटींतून तासाला १०० घनमीटर हवा आत शिरत असेल, तर तिच्यासोबत दर तासाला साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात खोलीत येतं. एसी ते कॉइलवर गोळा करून ड्रेन पाइपातून बाहेर टाकतो आणि त्यात त्याची जवळपास पाव टन क्षमता खर्ची पडते. यातली बहुतेक मेहनत हवा गार करण्यात जात नाही, वाफ पिळून काढण्यात जाते. म्हणून किनारपट्टीवर फटींचा हिशेब आधी दमटपणात मांडायचा.

आता खोली डब्यासारखी बंद केली तर काय होतं, तेही पाहू. झोपलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १० बाय १२ फुटांच्या, साडेनऊ फूट उंच खोलीत ३२ घनमीटर हवा मावते. बाहेरून काहीच आलं नाही आणि आत दोघं झोपले, तर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दर तासाला ७५० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ७५० भागांनी) चढत जातं. बाहेरच्या हवेत ते ४२०च्या आसपास असतं. पूर्ण हवाबंद घर आपल्याकडे नसतंच, पण फटी नीट बुजवलेल्या खोलीत पहाटे दोन-तीन हजारांचा आकडा दिसू शकतो. सकाळी डोकं जड, खोलीत कोंदट वास, आठ तास झोपूनही थकवा, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

दोघांना मिळून तासाला ५० घनमीटर ताजी हवा मिळाली, तर प्रमाण ९००-९५०च्या आसपास स्थिरावतं. या हवेला रात्रभर थंड आणि कोरडं करायला चांगल्या इन्व्हर्टर एसीला सुमारे एक युनिट वीज लागते. ते एक युनिट वाचवायच्या मागे लागू नका. वाचवायचं आहे ते न सांगता, नको त्या वेळी, नको तिथून आत येणाऱ्या हवेवर जाणारं बिल.

पहिली मोठी चूक: स्प्लिट एसी ताजी हवा देतो असं समजणं

आउटडोअर युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून फक्त रेफ्रिजरंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव-वायू, फिरतो. इनडोअर युनिट खोलीतलीच हवा ओढतं आणि तीच परत फेकतं. रिमोटवरच्या ‘फ्रेश’, ‘प्युरिफाय’ अशा बटणांनी हवा गाळली जाईलही, पण कार्बन डायऑक्साइड गाळणीत अडकत नाही. एअर प्युरिफायरचंही तेच. काही विंडो एसींना बाहेरच्या हवेची छोटी झडप असते, हा एक अपवाद.

फट न शोधता सिलिकॉन मारणं

दुकानातून ट्यूब आणून दिसेल त्या सांध्यात भरण्याआधी अर्धा तास उदबत्तीला द्या. एसी आणि पंखा बंद करा, खिडक्या-दारं लावा, अटॅच्ड बाथरूमचं दार उघडं ठेवून तिथला एक्झॉस्ट फॅन चालू करा. गॅस गीझर असेल तर तो या वेळी बंद हवा. खोलीतली हवा ओढली जाऊ लागली की पेटती उदबत्ती सांध्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर हळूहळू फिरवा, पडदे बाजूला करून. धूर जिथे आत ढकलला जातो, तिथे फट आहे. खिडकीच्या चारही कडा, दोन सरकत्या पल्ल्यांचा मधला सांधा, दाराचा तळ, एसीच्या पाइपाचं भोक, बाहेरच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड आणि फॉल्स सीलिंगमधले दिवे, एवढी ठिकाणं तपासा. नुसत्या डोळ्यांना दिसणारी फट मोठी असेलच असं नाही, आणि मोठी फट बहुधा पडद्यामागे असते.

बहुतेक घरांत पहिला नंबर दाराखालच्या फटीचा लागतो. ९० सेंटीमीटर रुंद दाराखाली एक सेंटीमीटर जागा म्हणजे ९० चौरस सेंटीमीटर, भिंतीला साडेनऊ सेंटीमीटरचं चौकोनी भोक पाडल्यासारखं. दाराच्या तळाला ब्रशची पट्टी लावा किंवा दार मिटलं की आपोआप खाली उतरणारं सील बसवा. ब्रशचे केस फरशीला जेमतेम टेकले पाहिजेत. जास्त दाबले तर महिन्याभरात वाकतात आणि फट पुन्हा उघडते.

स्लायडिंग खिडकीत गळती पल्ल्यांच्या मधल्या सांध्यातून होते. तिथली केसाळ पट्टी, जिला फॅब्रिकेटर वुलपाइल म्हणतात, काही वर्षांत झिजून चपटी होते. ती खाचेतून ओढून काढता येते. जुन्या पट्टीचा तुकडा दुकानात नेऊन पाठीची रुंदी आणि केसांची उंची, दोन्ही मापं जुळवूनच नवी घ्या. उंची एक मिलिमीटर जास्त झाली तरी पल्ला सरकायला जड जातो. कमी झाली तर सगळा खटाटोप वाया.

इथेच एक चूक फार महागात पडते. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला तळाशी छोटी भोकं किंवा खाचा असतात. त्यांतून हवा येते म्हणून लोक सिलिकॉन भरून टाकतात. ती भोकं ट्रॅकमध्ये साचलेलं पावसाचं पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. ती बुजली की जुलैमधल्या पहिल्या झोडपणाऱ्या सरीत ट्रॅक भरतो आणि पाणी घरात उतरतं. भोकं साफ ठेवा, जमलं तर बाहेरून झडपेची टोपी बसवा.

सिलिकॉनबद्दल अजून दोन गोष्टी. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन काचेला ठीक, पण ॲल्युमिनियम, संगमरवर आणि सिमेंटच्या प्लास्टरसाठी ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या. आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणून आतल्या चौकट-भिंतीच्या सांध्याला रंगवता येणारं ॲक्रिलिक सीलंट वापरा. फट एक सेंटीमीटरहून रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा, मग वरून सीलंट. नुसतं सीलंट कोंबलं तर ते वाळताना मधोमध फाटतं.

एसीच्या पाइपाचं भोक

साधारण अडीच-तीन इंची भोक पाडतात, त्यातून दोन नळ्या, वायर आणि ड्रेन पाइप जातो, आणि उरलेली जागा इन्स्टॉलर पुष्कळदा कागद किंवा थर्माकोलच्या तुकड्यांनी भरतो. ते सगळं काढा. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं आहे ना, ते पाहा, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीतून आत येईल. पीयू फोम (डब्यातून फवारायचा पॉलीयुरेथेनचा फेस) भरताना पोकळी अर्धी ते दोन-तृतीयांशच भरा, कारण तो फुगतो. ड्रेन पाइप चेपला गेला तर पाणी इनडोअर युनिटमधून गळायला लागतं. फोम घट्ट झाल्यावर बाहेरचं तोंड कापून त्यावर सीलंट किंवा सिमेंटचा हात द्या. उघड्या उन्हात पीयू फोम पिवळा पडून भुगा होतो.

ताज्या हवेची वाट ठरवताना

आता खोली घट्ट झाली. हीच वेळ हवेला ठरवून वाट द्यायची. सगळ्यात सोपा मार्ग अटॅच्ड बाथरूमच्या एक्झॉस्टचा. तासाला २०० घनमीटर ओढणारा फॅन टायमरवर दर तासाला १५ मिनिटं चालला, की सरासरी ५० घनमीटर हवा बदलते. बेडरूमची खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे बदली हवा बाहेरून येईल. नवं बांधकाम किंवा दुरुस्ती चालू असेल तर चार इंची भोक, डक्टमध्येच बसणारा छोटा इनलाइन फॅन, आत धुता येणारी गाळणी आणि बाहेर जाळी, ही व्यवस्था अधिक चांगली आणि शांत. बाहेरचं तोंड आउटडोअर युनिट, बाथरूमचा डक्ट आणि पार्किंग यांपासून दूर असावं.

मोजायला कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या, पण ‘एनडीआयआर’, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारा, सेन्सर असलेलाच. स्वस्तातले काही मीटर इतर वायूंवरून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज दाखवतात, अत्तर फवारलं तरी त्यांचा आकडा चढतो. पहाटे हजाराच्या आसपास असेल तर ठीक. दीड हजारावर असेल तर टायमरची मिनिटं वाढवा.

बाथरूम आणि गॅस गीझर: इथे फट बुजवू नका

बेडरूमच्या दाराखाली जे केलं ते बाथरूमच्या दाराला करू नका. एक्झॉस्टला हवा यायला तिथे एक-दीड सेंटीमीटर जागा लागते. फॅनशेजारची खिडकी उघडी ठेवणं हीही चूक. फॅन मग शेजारच्याच खिडकीतून हवा ओढून बाहेर टाकत राहतो आणि वाफ जागच्या जागी राहते. बाथरूममध्ये गॅस गीझर नसेल तर खिडकी लावा आणि अंघोळीनंतर फॅन २०-३० मिनिटं चालू द्या.

गॅस गीझरचा प्रश्न मात्र जिवाचा आहे. सहा लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर १५ मिनिटांत सुमारे २०० ग्रॅम एलपीजी जाळतो. त्याला अर्ध्या घनमीटरहून जास्त ऑक्सिजन लागतो. पाच बाय आठ फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळा मिळून ऑक्सिजन असतो १.९ घनमीटर. म्हणजे एका अंघोळीत पावहून अधिक ऑक्सिजन संपतो, ज्योत नीट जळेनाशी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी चक्कर, डोकेदुखी, मग पाय लुळे पडतात आणि कडी काढायलाही ताकद उरत नाही. थंडी वाजते म्हणून व्हेंटिलेटरच्या काचा चिकटवणं, डासांसाठी प्लास्टिक लावणं, दाराखाली टॉवेल कोंबणं, यातलं काहीही करू नका. एक्झॉस्ट फॅनवरही भिस्त नको, कारण येणाऱ्या हवेला वाट नसेल तर तो ज्योतीचा धूर खोलीतच खेचतो. गीझर बाल्कनीत किंवा उघड्या युटिलिटीत हलवा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणा. कुणाला बाथरूममध्ये भोवळ आली तर आधी दार-खिडक्या उघडा, त्या माणसाला बाहेर आणा, गॅस बंद करा आणि १०८ला फोन करा.

चिमणी चालू केल्यावर बाथरूमचा वास येणं

घराच्या खिडक्या घट्ट झाल्यावर ही तक्रार हमखास सुरू होते. स्वयंपाकघरातल्या चिमणीवर तासाला १,००० ते १,२०० घनमीटर असा आकडा छापलेला असतो. तेवढी हवा बाहेर जायची तर तेवढीच आत यायला हवी. खिडक्या बंद असतील तर ती मिळेल तिथून येते, आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असेल तर थेट ड्रेनेजच्या पाइपातून. त्या ट्रॅपमधला सुमारे ५ सेंटीमीटर पाण्याचा थर हाच दुर्गंधीचा अडसर असतो. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता, आणि चिमणी चालू असताना हॉलची खिडकी वीतभर उघडा. ओट्याला लागून असलेली नको, ज्योत हलते. बेडरूममध्ये एसी चालू असेल तर तिचं दार लावून घ्या.

कुलरला एसीचे नियम लावणं

विदर्भात दरवर्षी दिसणारी चूक. कुलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. समोरची खिडकी किंवा दार उघडं नसेल तर खोलीत दमटपणा साचतो, घाम वाळत नाही आणि कुलर बिघडलाय असं वाटतं. कुलर खिडकीत बाहेरच्या बाजूला, वाट विरुद्ध भिंतीला. कोरड्या उन्हाळ्यात कुलर बंद असताना घर दिवसा बंद आणि रात्री सताड उघडं ठेवण्याची जुनी रीतही अचूक आहे. कोकणात ती तशीच चालवू नका, तिथे रात्रीची हवा ओलीच असते.

पावसाळ्यात कपाटामागे बुरशी

२९ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे २५ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की दव पडतं. एसी २० वर ठेवला की बेडरूमची भिंत २५ अंशांच्या खाली जाते आणि पलीकडच्या, एसी नसलेल्या खोलीत त्याच भिंतीला लागून असलेलं कपाट मागून ओलं होतं. लोक गळती समजून प्लंबर बोलावतात. एसी २६ वर ठेवून पंखा लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. भिंतीवर आधीच डाग असतील तर ती पूर्ण कोरडी होईपर्यंत सीलंट किंवा रंग लावू नका. ओल्या प्लास्टरवर दोन्ही सुटतात, त्यामुळे हे काम ऑक्टोबरच्या उन्हात धरा आणि फटींचं काम मार्च-एप्रिलमध्ये.