झडीच्या दिवसांत पांढरं पडलेलं मॅट व्हार्निश

दारव्ह्याकडं आमच्या गावी श्रावणाची झड लागली होती. मिग-२१ या लढाऊ विमानाच्या १:७२ मापाच्या प्लास्टिक मॉडेलवर लॅकरचं मॅट, म्हणजे बिनचकाकीचं व्हार्निश मारलं आणि करड्या पंखांवर दुधाळ पापुद्रा चढला. यात रंग बिघडलेला नसतो. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली ओल थरात अडकते. म्हणून पॉलिश पेपर घेऊन घासत बसू नका, डिकल, म्हणजे चिकटवलेली चिन्हं, निघून येतील.

मॉडेल ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात बंद ठेवलं. उघाड पडून कडक ऊन आलं, तेव्हा त्याच व्हार्निशमध्ये रिटार्डर थिनर घातलं आणि एअरब्रशनं पातळ, ओलसर हात फिरवला. रिटार्डर सावकाश उडतं, वरचा थर मऊ करतं, ओलीला बाहेर पडायला सवड मिळते. पंखावरच्या हवाई दलाच्या चक्राच्या केशरी कडेवरचा पांढुरकेपणा डोळ्यांदेखत विरला!

पॅनल लाइनमधला, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांमधला, ऑइल पेंटचा पातळ वॉश आधीच चकचकीत ग्लॉस थरावर झाला होता. काजळी मात्र मॅटवरच धरते. काळ्या-तपकिरी पेस्टलची भुकटी मऊ ब्रशनं फक्त शेपटीच्या नळकांड्याभोवती, तीही हवेच्या दिशेनं मागं ओढत लावली. पंखांच्या मुळाशी रंग उडाल्यासारखे दिसावेत म्हणून स्पंजनं चंदेरी ठिपके, मोजकेच. १९६३ पासून २०२५ पर्यंत भारतीय हवाई दलानं निगुतीनं उडवलेलं विमान भंगारासारखं दिसू नये, असं मला मनापासून वाटतं.