थाळीफेकपटू शिकवायला लागतो तेव्हा

वर्षानुवर्षं थाळी फेकलेला माणूस प्रशिक्षक झाला की पहिल्याच दिवशी मुलांना गिरकी दाखवतो. घोडं अडतं ते तिथेच. गिरकी त्याच्या अंगात मुरलेली असते. मुलाच्या हातात अजून थाळीच बसलेली नसते. पहिले तीन आठवडे गिरकीचं नाव काढू नका.

पुरुषांची थाळी २ किलोची, महिलांची १ किलोची, १८ वर्षांखालच्या मुलग्यांची दीड किलोची. बारा वर्षांच्या पोराला १ किलोही जड जाते, त्याला हलकी रबरी थाळी द्या.

पकड अशी: चार बोटांची शेवटची पेरं कडेवर, बोटं किंचित फाकलेली, अंगठा नुसता टेकलेला. पडेल या भीतीने मुलं थाळी आवळतात आणि मग ती हवेत फडफडते. हात झुलवला की वेगामुळे ती आपोआप बोटांवर टिकते, हे झोके द्यायला लावूनच पटतं. मग जमिनीवर घरंगळवायला सांगा: दहा मीटर, रोज वीस वेळा. तर्जनीवरून सुटली तर सरळ धावते, करंगळीकडून सुटली तर डगमगत आडवी होते. हे जमल्यावर उभ्याने फेक. पुढची कड वर उचलली जात असेल तर तळवा वर वळतोय. तळवा खालीच राहायला हवा.

थाळी जिथे पडायला हवी ते मैदान आखायला कोनमापक लागत नाही. ज्यात उभं राहून फेकायचं त्या वर्तुळाच्या मध्यापासून २० मीटरच्या दोन दोऱ्या ताणा, टोकांमध्ये १२ मीटर अंतर ठेवा, ३४.९२ अंशांचा कोन तयार.

आपल्याकडे खरी कसोटी जून ते सप्टेंबर. अडीच मीटरच्या सिमेंटच्या वर्तुळावर हिरवं शेवाळ धरतं आणि गिरकीत डावा पाय सटकतो. तारेच्या ब्रशाने घासा, पाणी झाडून काढा. थाळी आणि हात पुसायला सुकं फडकं हवंच. जोराचा पाऊस असेल तर शेडखाली जुना स्कूटरचा टायर भिंतीवर फेकायला लावा, कंबर आधी आणि हात शेवटी हा क्रम त्यातूनच बसतो. जांभ्या दगडाच्या मैदानावर धातूच्या कडेला खाचा पडतात, त्या बोटं कापतात. कानशीने लगेच घासून टाका.

उजव्या हाताच्या मुलाची थाळी लवकर सुटली तर उजवीकडे जाते, उशिरा सुटली तर डावीकडे. म्हणून बाकीची पोरं जाळीच्या मागेच उभी करा. सगळ्यांच्या फेकी झाल्याशिवाय थाळी आणायला कुणी आत जायचं नाही, आणि परत आणायची ती चालत, हातात धरून.